सात नंबर

कुडाळला गफूर मुजावरच्या शेडमध्ये
कूलरच्या पत्र्यांमागे तो उभा होता,
पाच गॅलनचा, उंच, कंबरेत एक पोचा,
गर्दीत कुणाचं कोपर लागून गेल्यासारखा.

साडेतीन हजार.
नवा पुण्याहून कुरिअरने येतो, थर्माकोलात,
आतून आरशासारखा,
साडेनऊ हजारांना, वर रबरी कड्यांचं जादा पाकीट.
गफूर म्हणाला, घेवन जा, पैसे मगे दी.

इनास म्हणाला, नवोच घे.
त्याच्या माळ्यावर एप्रिलात अठरा बाटल्या फुटल्या,
रात्री दोन वाजता, एकीमागून एक.
आवशीक वाटला माड पडलो.
सकाळी काचा वेचताना तिने पायरीवरची एक फेसाळ रेघ
बोटाने चाटून बघितली आणि म्हणाली,
बरी झालेली गे.
त्या दिवशी ठरलं, बाटल्या बास.

मी बावीस वर्षं वेंगुर्ला बंदरावर
इंजिनं उघडतोय. नवीन एकदाच उघडलं,
तेही कंपनीचा माणूस उलटं बसवून गेला म्हणून.
जुनं घेताना डोळा नंतर लावायचा, आधी बोटाचं पेर.
बाहेरचा पोचा चालतो.
आतला ओरखडा चालत नाही;
तिथे काय काय वस्तीला येतं आणि उठत नाही.

झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च दोरीने आत सोडला.
तळ स्वच्छ. शिवण सरळ.
मग नाक लावलं
आणि संत्रं आलं.
फळ नव्हे. लग्नाच्या मांडवातलं संत्रं,
शेंदरी, मे महिन्यातलं,
पोरांनी एकमेकांना जिभा काढून दाखवायचं.

बुडाला खिळ्याने कोरलेलं:
शिरोडकर सोडा, बांदा. ७.

बाकीचे सहा खय?
गफूरने खांदे उडवले.
एकाचो कोणीतरी बंब केल्यान.
पुढचा माका म्हायत नाय.

इनास हिशेब मांडत राहिला:
कड्या धर, आतली नळी धर, वॉल्व्ह धर,
सोडा, रिक्षा, तुझो रविवार धर,
मगे नव्यात नि ह्येच्यात किती रवला?
त्याचं चुकत नव्हतं.
पण खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेसवरही
चहाच्या रंगाचे डाग चढतात.
दोन पावसाळे मागच्या पडवीत काढले
की नव्याचा जुना होतोच, 
फक्त सहा हजार जास्त देऊन.
हे मी बोललो नाही. पैसे मोजले.

दोनदा उकळतं पाणी, एकदा सोडा,
एक दिवस ऊन, उताणा, विहिरीच्या कठड्यावर.
कावळा येऊन स्वतःकडे बघून गेला.
पाची कड्या बदलल्या.
वास धातूत नव्हताच,
तो रबरात राहत होता.

मग गॅस सोडला, सांध्यांवर साबणाचा फेस लावला
आणि आम्ही दोघं उकिडवे बसलो,
बुडबुडा येतो का बघत.
झाकणाजवळ एक आला. लहान.
इनास काही म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण.
झाकण फिरवून पुन्हा दाबलं, थोडं ग्रीस.
रात्री तीनदा उठून काट्याकडे पाहिलं.
काटा तिथेच.

आता आत बिअर आहे. अजून अकरा दिवस.
लागेल तशी लागेल.

जुन्या कड्या फेकायच्या होत्या,
नटबोल्टांच्या डब्यात पडून राहिल्या.
बंदरावर कुणाचं तरी इंजिन खोळंबलेलं असतं,
तेराचा नट शोधायला मी डबा उघडतो
आणि बांद्याला कुणाच्या तरी मांडवात उभा असतो,
हातात रिकामा ग्लास,
परत कुठे द्यायचा ते कळत नाही.